पाण्याचं इंजिन आणि कच्च्या पाण्याचे दाते

पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा विषय निघाला की गाडी लगेच कोणी किती विमानं पाडली यावर जाते, इंजिनाबद्दल फार तर एवढंच की जर्मनांकडे मर्सिडीज होतं आणि फ्रेंचांकडे हिस्पानो-सुइझा. माझं म्हणणं असं की १९१७ आणि १९१८ या दोन वर्षांत दोस्तांची किती फायटर आकाशात होती आणि किती शेडमध्ये उभी होती, हे बऱ्याच अंशी हिस्पानोच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या दोन गिअरांनी ठरवलं. आणि त्यातले बरेच गिअर खराब आहेत हे माहीत असूनही तसेच बसवायचे असा निर्णय टेबलावर बसून घेतला गेला. हा निर्णय बहुतेक ठिकाणी दोन ओळीत उरकलेला दिसतो. मी आयुष्यातली बरीच वर्षं हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून कडक करायच्या, खात्यात भट्टीसमोर काढलीत, त्यामुळे मला तो दोन ओळीत उरकता येत नाही.

मागचं थोडक्यात सांगतो. १९०३ला किटी हॉकच्या वाळूत राइट बंधूंचं जे इंजिन उडालं ते पाण्याचंच, म्हणजे पाण्याने थंड होणारं, होतं, चार आडवे सिलिंडर, साधारण १२ हॉर्सपॉवर, क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचा. मग फ्रान्समध्ये आंत्वानेत नावाचं व्ही-८ आलं, म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा व्ही आकारात, मूळचं स्पीडबोटीसाठी केलेलं, ५० हॉर्सपॉवरच्या आसपासचं आणि वजनाला आश्चर्य वाटावं इतकं हलकं. त्यात पाण्याची वाफ करून ती परत थंड करायची अशी व्यवस्था होती, कल्पना फार पुढची पण सांभाळायला अवघड. जुलै १९०९ला त्याच इंजिनाचं विमान इंग्लिश खाडी ओलांडताना बंद पडून पाण्यात उतरलं आणि सहाच दिवसांनी तीन सिलिंडरच्या, २५ हॉर्सपॉवरच्या, हवेवर थंड होणाऱ्या छोट्या अंझानीने खाडी पार केली. तेव्हापासून चार-पाच वर्षं हवा रोटरीचीच होती, म्हणजे ज्यात क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो मुख्य दांडा) जागेवर आणि अख्खं इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरतं ते. रेडिएटर नाही, पाणी नाही, पाइप नाही, वजन कमी. फ्रेंच आणि ब्रिटिश दोघेही त्यावर खूश होते.

जर्मनीने मात्र वेगळी वाट धरली. तिथे कैसरने स्वतःच्या खिशातून बक्षीस लावून विमान-इंजिनांची स्पर्धा घेतली, निकाल लागला २७ जानेवारी १९१३ला म्हणजे त्याच्याच वाढदिवशी, आणि पहिलं आलं बेंझचं चार सिलिंडरचं पाण्याचं इंजिन, बक्षीस ५०,००० मार्क. दुसरं आलं मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलरचं, तेही पाण्याचंच. या निकालानंतर जर्मन सैन्याचा कल एका रांगेत सहा सिलिंडर असलेल्या पाण्याच्या इंजिनांकडे गेला तो युद्ध संपेपर्यंत तसाच राहिला. १९१४चं मर्सिडीज डी-३ हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं, १६० हॉर्सपॉवर, १४.८ लिटर, १४०० आरपीएम. प्रत्येक सिलिंडर वेगळा, पोलादातून कातलेला, आणि त्याभोवती पातळ पोलादी पत्र्याचं जॅकेट वेल्ड केलेलं, त्या पोकळीतून पाणी फिरायचं. वजनाला जड, पावणेतीनशे किलोच्या आसपास, पण एक सिलिंडर गेला तर तेवढाच बदलायचा. मेकॅनिकच्या बाजूने विचार केला तर फार समजूतदार इंजिन.

इथे नावाच्या घोळाबद्दल एकदा बोलून घेतो, कारण नंतर परत परत तोच येतो. डी-३ मधला तीन म्हणजे तिसरं मॉडेल नव्हे. जर्मन सैन्याने इंजिनांचे ताकदीप्रमाणे वर्ग पाडले होते, तिसरा वर्ग साधारण १५० ते २०० हॉर्सपॉवरचा, त्या वर्गातलं म्हणून तीन. बीएमडब्ल्यूचं पहिलं गाजलेलं विमान-इंजिन थेट '३-ए' म्हणून येतं, त्याच्या आधीचं एक आणि दोन कुठे गेलं म्हणून लोक शोधत बसतात, ते याच कारणाने. आणि १६० हा आकडाही कागदावरचा, त्याच मर्सिडीजचं कॉम्प्रेशन वाढवत नेऊन पुढे ते १८०च्या वर गेलं तरी बोलण्यात १६०च राहिलं. ब्रिटिशांकडे याहून वाईट, त्यांच्याकडे '२०० हॉर्सपॉवर हिस्पानो' असं लिहिलं की त्यात गिअरवालं, बिनगिअरवालं, फ्रेंच कारखान्यातलं, इंग्लिश कारखान्यातलं, सगळं एका नावाखाली यायचं. म्हणजे ज्या आकड्याला आपण मोजमाप समजतो तो खरेदीच्या फाइलीवरचा शिक्का होता.

मर्सिडीजचा एक धागा थेट इंग्लंडमध्ये जातो. जुलै १९१४ला लियॉनच्या ग्रां प्री रेसमध्ये मर्सिडीजच्या गाड्या पहिल्या तिन्ही नंबरांवर आल्या, त्यातली एक लंडनच्या शोरूममध्ये ठेवलेली असतानाच युद्ध पेटलं, आणि ती उचलून डर्बीला रोल्स-रॉइसच्या कारखान्यात नेऊन खोलली गेली. तिथे १९१५च्या सुरुवातीला ईगल नावाचं व्ही-१२ तयार झालं त्याचे सिलिंडर बघितले की नातं लगेच कळतं, तोच सुटा पोलादी सिलिंडर आणि तेच वेल्ड केलेलं जॅकेट. सुरुवात २२५ हॉर्सपॉवरपासून, शेवटी ३६०. ईगलला गिअर होता हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हिस्पानो या सगळ्यांपेक्षा वेगळ्या डोक्यातून आलं. कंपनी बार्सिलोनाची, डिझाइन करणारा इंजिनिअर स्विस, आणि १९१४-१५ मध्ये त्याने ठरवलं की सुटे सिलिंडर नकोतच. चार सिलिंडरचा अख्खा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियममध्ये एकसंध ओतायचा, त्यात आटे पाडायचे आणि वरून बंद असलेल्या पोलादी नळ्या त्या आट्यांत फिरवून बसवायच्या. असे दोन ब्लॉक ९० अंशात लावले की व्ही-८. पाणी पोलादाला लागतच नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या आतल्या पोकळीतून फिरतं, आणि ओतकामात बारीक भोकं राहतात ती बुजवायला ब्लॉक आतून-बाहेरून दाबाखाली इनॅमल करायचे. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट वरती, झाकणाखाली, तेलात. मर्सिडीजचं इंजिन बघितलं तर सगळे पाइप, स्प्रिंगा, रॉड बाहेर लटकलेले दिसतात, हिस्पानो बघितलं तर दोन गुळगुळीत काळे डबे. १५० हॉर्सपॉवर आणि वजन दोनशे किलोच्या आसपास. १९१५ला फ्रेंचांनी ५० तासांची चाचणी मागितली, ती त्याने पार केली, आणि १९१६च्या उत्तरार्धात हे इंजिन लावलेलं फ्रेंचांचं स्पॅड-७ फायटर आघाडीवर आलं तेव्हा रोटरीचा जमाना संपत आल्याचं दोन्हीकडे कळून चुकलं. ब्रिटिशांचं एसई-५ फायटर त्याच इंजिनाभोवती बांधलं गेलं, पहिलं उड्डाण २२ नोव्हेंबर १९१६.

इथपर्यंत सगळं छान. या १५० हॉर्सपॉवरच्या इंजिनात गिअर नव्हता, क्रँकशाफ्टच्या टोकाला सरळ पंखा.

मग हवी झाली २०० हॉर्सपॉवर. इंजिन तेवढंच ठेवून ताकद वाढवायची तर आरपीएम वाढवायचे, साधारण १४५० वरून २००० आणि त्याच्याही वर. पण लाकडी पंखा त्या वेगाने फिरवला की तो हवा कापतो जास्त आणि ढकलतो कमी, टोकाचा वेग फार होतो. म्हणून मध्ये रिडक्शन गिअर टाकला, इंजिन २००० ने फिरेल आणि पंखा साधारण दीड हजाराने. गिअर अगदी साधा, दोन स्पर (सरळ दात्यांचे) गिअर, एक क्रँकशाफ्टवर छोटा, एक वर पंख्याच्या शाफ्टवर मोठा. त्याचे दोन परिणाम झाले. एक, पंखा उलट्या दिशेने फिरायला लागला आणि त्याचा शाफ्ट वर सरकला. दोन, तो वरचा शाफ्ट पोकळ ठेवता आला, त्यातून ३७ मिलिमीटरची तोफ डागता आली, स्पॅड-१२ वर ते केलंही. कागदावर सुंदर कल्पना.

आता या दोन गिअरांवर काय बेततं ते बघा. आठ सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीत चार ठोके, ईगलसारख्या बारामध्ये सहा. म्हणजे हिस्पानोत प्रत्येक ठोका मोठा आणि दोन ठोक्यांमधलं अंतर जास्त. ठोका आला की छोटा गिअर मोठ्याला ढकलतो, ठोका सरला की जड पंखा आपल्या वेगात पुढे जातो आणि दातांची पाठ लागते, परत ठोका. सेकंदाला सव्वाशेहून जास्त वेळा. दात्याच्या दोन्ही बाजूंवर हातोडी चालल्यासारखंच झालं. अशा दात्याला वरून काचेसारखी कडक साल हवी आणि आतून चिवट गाभा हवा, दोन्ही एकाच तुकड्यात. आपल्याकडे लोहार कोयत्याला पाणी देतो म्हणतात ते हेच, फक्त गिअरमध्ये साल आणि गाभा वेगळे ठेवायचे असतात म्हणून आधी कार्बनच्या डब्यात तासन्‌तास तापवून वरच्या मिलिमीटरभर थरात कार्बन मुरवायचा आणि मग पाणी द्यायचं. डबा लवकर काढला की साल पातळ राहते, भट्टीचा एक कोपरा थंड असला की त्या कोपऱ्यातले गिअर कच्चे राहतात, पाणी देताना घाई झाली की दात्याच्या मुळाशी केसासारखी चीर जाते. बाहेरून तिन्ही गिअर सारखेच दिसतात.

हे मी कसं सांगतो, तर आमच्याकडे लॉट आला की पहिला माणूस हातात कानस घ्यायचा. मशीन नंतर. पक्क्या पाण्याच्या दात्यावर कानस घासली की ती काचेवरून सरकावी तशी घसरते, हाताला काहीच लागत नाही. कच्च्या दात्यावर ती किंचित धरते, एक बारीक खरखर मनगटात येते आणि दात्यावर चमकदार रेघ उमटते. मी नवीन असताना एकदा असा एक लॉट माझ्या हातून पास झाला होता, संध्याकाळची घाई, ट्रक बाहेर उभा, आणि वरून सांगणं की आत्ता जाऊ दे, नाहीतर त्यांची लाइन बंद पडेल. सहा आठवड्यांत ते गिअर परत आले. दात्यांच्या बाजूवर खड्डे पडले होते, देवीच्या व्रणासारखे, आणि दोनांचे दाते मुळापासून गेले होते. ते ट्रकचे गिअर होते, गाडी रस्त्याच्या कडेला थांबली, माणूस खाली उतरला. बारा हजार फुटांवर कडेला थांबता येत नाही.

आता १९१७. हिस्पानो बनवायला एक कारखाना पुरणारच नव्हता, परवाने वाटले गेले, फ्रान्सभर, इंग्लंडमध्ये, पुढे इटलीत आणि अमेरिकेतही, वीसेक कारखाने झाले आणि युद्ध संपेपर्यंत या घराण्याची सुमारे ५०,००० इंजिनं निघाली. प्रत्येक कारखान्याची भट्टी वेगळी, पोलाद वेगळं, हात वेगळे. २०० हॉर्सपॉवरचं पहिलं एसई-५ए (एसई-५चीच सुधारित आवृत्ती) जून १९१७ला आघाडीवरच्या तुकडीत पोचलं आणि लगोलग तक्रारी सुरू झाल्या. एका फ्रेंच परवानाधारकाच्या इंजिनांमध्ये गिअर आणि पंख्याचे शाफ्ट नीट कडक केलेलेच नव्हते. ही गोष्ट लपून राहिली नव्हती, तपासणीत सापडली होती, कागदावर आली होती. आणि तरीही असं ठरलं की इंजिनं आहेत तशी वापरायची, कारण नाही वापरली तर विमानांना इंजिनच नाही.

ज्यांनी हे ठरवलं त्यांची बाजू मांडायला हवी. एप्रिल १९१७ला ब्रिटिशांची विमानं आणि माणसं ज्या वेगाने गेली होती ती आठवण ताजी होती, जर्मन अल्बाट्रोसपुढे जुनी विमानं टिकत नव्हती, आणि दुसरीकडे एसई-५एचे सांगाडे कारखान्यातून इतक्या वेगाने बाहेर पडत होते की शेकडो विमानं इंजिनाची वाट बघत गोदामात उभी होती. त्या माणसांपुढे चांगला गिअर की खराब गिअर असा प्रश्न नव्हता, खराब गिअर की रिकामं नाक असा होता. दहा खराब इंजिनांतली चार टिकली तरी चार विमानं मिळतात, असा तो हिशेब. शॉपमध्ये ट्रक उभा असताना मीही हाच हिशेब केला होता म्हणून मला तो कळतो.

पण मला तो पटत नाही, आणि का ते सांगतो. पहिली गोष्ट, खराब इंजिन विमानावर चढलं म्हणजे विमान मिळालं असं होत नाही. त्याच्या मागे फिटर बसतात, तेल काढून त्यात पोलादाची चकाकी आहे का बघतात, नाक उघडतात, इंजिन उतरवतात, दुसरं चढवतात, तेही त्याच लॉटमधलं निघतं. फ्रेंचांकडे गिअरवाल्या स्पॅड-१३चं हेच झालं, १९१८च्या वसंतातसुद्धा त्यांची बरीचशी विमानं इंजिनाच्या दुखण्याने जमिनीवर असायची आणि तुकड्या जुनी, बिनगिअरची स्पॅड-७ सोडायला तयार नसायच्या. दुसरी गोष्ट, पर्याय होता. गिअर काढून टाका, कॉम्प्रेशन वाढवा, पंखा सरळ क्रँकवर लावा. इंग्लंडमधल्या वूल्सलीने हेच केलं, त्या इंजिनाचं नाव व्हायपर, २०० हॉर्सपॉवर, २००० आरपीएम, मध्ये एकही दाता नाही. पंखा थोडी ताकद वाया घालवतो, घालवू दे. व्हायपर लागलं आणि एसई-५ए शेवटी ते विमान झालं ज्याची आज तारीफ होते. मूळ १५० हॉर्सपॉवरचं इंजिन बिनगिअरचंच होतं, त्यामुळे ही वाट कोणाला माहीत नव्हती असं म्हणता येत नाही. पण व्हायपर पुरेशा संख्येने यायला १९१८ उजाडलं, आणि ते वर्षभराचं अंतर ज्यांनी उडून काढलं त्यांना कच्चे दाते घेऊन उडावं लागलं.

दाता तुटला की काय होतं तर पंखा इंजिनापासून सुटतो, इंजिनावरचा भार एकदम जातो, ते किंचाळत वर जातं, आणि पायलटने क्षणात थ्रॉटल ओढला नाही तर उरलेलं इंजिनही फाटतं. मग उतरायला शेत शोधायचं. खाली खंदक असले तर शेत नसतं.

ईगलचा गिअर मात्र टिकला. तोही रिडक्शन गिअरच, पण एपिसायक्लिक, म्हणजे भार एका दात्यावर न येता तीन-चार ठिकाणी वाटला जातो, शिवाय बारा सिलिंडरमुळे ठोके मऊ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंपनीने ते दुसऱ्या कोणाला बनवायला दिलं नाही, भट्टी स्वतःची, तपासणी स्वतःची. त्यावरून तेव्हाही वाद होता आणि आजही आहे, कारण अशाने ईगल एकूण साडेचार हजारांच्या थोडी वर निघाली, मागणी कितीतरी जास्त होती. एकीकडे एका घरातली साडेचार हजार पक्की इंजिनं, दुसरीकडे वीस घरांतली ५०,००० कमी-जास्त. युद्ध फक्त पहिल्यावर लढता आलं नसतं हे मान्य. पण म्हणून 'गिअर ही कल्पनाच त्या काळात चुकीची होती' हे जे अनेकजण लिहितात तेही खरं नाही. दोष पाणी देण्यात होता, आणि पाणी कच्चं आहे हे कळल्यावर घेतलेल्या निर्णयात होता.

आपल्याशी याचा एक सरळ धागा आहे. त्या युद्धात ब्रिटिशांकडून लढाऊ पायलट म्हणून उडालेल्या चार भारतीयांपैकी दोघे रोटरीवाल्या कॅमल विमानावर होते आणि दोघे हिस्पानो घराण्यातल्या पाण्याच्या इंजिनावर. कलकत्त्याचा मुलगा इंद्रलाल रॉय एसई-५एवर, ज्याने ६ ते १९ जुलै १९१८ या दोन आठवड्यांत दहा विजय नोंदवले आणि २२ जुलैला गेला. आणि दुसरा आपला मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर, सॉपविथ डॉल्फिनवर. डॉल्फिन हे नेमकं गिअरवाल्या २०० हॉर्सपॉवर हिस्पानोवर बांधलेलं विमान, पायलटचं डोकं वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर, दोन्ही रेडिएटर कॉकपिटच्या दोन बाजूंना चिकटलेले. त्याची तुकडी आधी स्पॅडवर होती, म्हणजे हिस्पानोची दुखणी त्यांना नवीन नव्हती. २७ जून १९१८ला तो गस्तीवरून परत आला नाही, जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला आणि ३० जूनला गेला. वय, शिक्षण, घराणं यावर बरंच लिहिलं जातं, पण ज्या यंत्रामागे तो रोज बसायचा त्याबद्दल मराठीत मला कुठे काही दिसलं नाही, म्हणून हे लिहायचं होतं. डॉल्फिनचा शेवटही बघण्यासारखा आहे, ब्रिटिशांनी शेवटी त्याच्या इंजिनातला गिअर काढून टाकून सरळ पंखा लावला आणि त्याला मार्क-३ म्हटलं.

रेडिएटरबद्दलही एक सांगायला हवं, कारण पाण्याच्या इंजिनाला लोक नाजूक म्हणतात ते तेवढ्यासाठी. जर्मनांनी अल्बाट्रोस डी-३चा रेडिएटर वरच्या पंखाच्या बरोबर मधोमध बसवला होता, दिसायला साफ, हवेला अडथळा कमी. पण त्याला गोळी लागली की उकळतं पाणी सरळ मागे बसलेल्या पायलटच्या तोंडावर. मग पुढच्या विमानांत तो उजवीकडे सरकवला. शिवाय उंचीवर पाणी लवकर उकळतं, पाच हजार मीटरवर ८३ अंशांच्या आसपासच, आणि त्याच उंचीवर बाहेर इतकी थंडी की इंजिन मंद ठेवून खाली उतरताना तेच पाणी गोठायच्या बेताला येतं. म्हणून शटर, म्हणून तापमानाचा काटा, म्हणून पायलटचा एक हात कायम त्यात अडकलेला.

बाकी १९१७च्या निर्णयांत हिस्पानोला भावंडं बरीच. सनबीम अरब नावाचं व्ही-८ नीट सिद्ध होण्याआधीच हजारोंच्या ऑर्डरी दिल्या गेल्या आणि ते थरथरण्यातून कधी बाहेर आलंच नाही. प्यूमा नावाचं इंजिन ३०० हॉर्सपॉवरचं म्हणून ठरलं, अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाने इतका त्रास दिला की २३० वर आणून ठेवलं, आणि त्यावर बेतलेलं डीएच-९ बॉम्बर विमान आपल्या आधीच्या डीएच-४ पेक्षा मागे पडलं. फ्रान्समध्ये विमानं हाताळणाऱ्यांनी नोव्हेंबर १९१७ला आधीच सांगितलं होतं की हे नको, पण ऑर्डरी गेल्या होत्या. अमेरिकेने उलटं केलं, मे-जून १९१७ला दोन इंजिनिअर वॉशिंग्टनच्या एका हॉटेलच्या खोलीत बसवले, पाचेक दिवसांत लिबर्टी नावाच्या इंजिनाचे मूळ आराखडे काढले, आठ सिलिंडरचं पहिलं इंजिन जुलैच्या सुरुवातीला तयार. पुढे बारा सिलिंडरचं, २७ लिटर, ४०० हॉर्सपॉवर, एकूण २०,०००च्या वर बनली. वेग बघून थक्क व्हायला होतं, पण माझ्या नजरेत भरतं ते हे की त्यांनी मोठ्या प्रमाणावर बनवायच्या लिबर्टीत गिअर ठेवलाच नाही. सिलिंडर जुने, मर्सिडीजच्या वळणाचे, पंखा सरळ. नवीन काही शोधायचं नाही, जे हजारोंनी बनवता येईल तेच बनवायचं, असं डोकं.

लिबर्टी मग आपल्याकडेही आलं. डीएच-९ला प्यूमाऐवजी लिबर्टी लावून झालेलं डीएच-९ए १९२०च्या दशकात वायव्य सरहद्दीवर, रिसालपूर आणि कोहाटला, ब्रिटिशांचं रोजचं विमान होतं. तिथल्या उन्हाळ्यात मूळ रेडिएटर पुरेना म्हणून नाकाखाली आणखी एक रेडिएटर लटकवलेला, बाजूला स्पेअर चाक, पाण्याच्या पिशव्या, पायलटचा बिछाना. टोळीवाल्यांच्या गावांवर बॉम्ब टाकायला ती वापरली गेली हेही सांगायला हवं, नुसतं इंजिनाचं कौतुक करून पुढे जाता येत नाही.

हिस्पानो घराणं पुढे फार लांब गेलं. युद्ध संपता संपता त्याचंच ३०० हॉर्सपॉवरचं मोठं भाऊबंद आलं, ते बिनगिअरचं, म्हणजे मूळ कंपनीनेच काय शिकायचं ते शिकून घेतलं होतं. गिअर पुढे परत आले, तोवर भट्ट्यांना तापमान मोजायची चांगली साधनं आली होती आणि दाते कडक केल्यावर घासून अचूक करायची यंत्रंही. १२-वाय नावाचं व्ही-१२ गिअरवालं, त्याच्या पोकळ शाफ्टमधून तोफ, म्हणजे १९१७चीच कल्पना पक्क्या दात्यांनिशी. त्याचा परवाना सोव्हिएत रशियाने घेतला आणि दुसऱ्या महायुद्धातली याक फायटर त्याच वंशाच्या इंजिनांवर उडाली. ब्रिटिशांकडे केस्ट्रेल, मर्लिन ही इंजिनं, सगळी गिअरवाली. साधं पाणी जाऊन ग्लायकॉल आलं, ते जवळपास १९७ अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून रेडिएटर लहान झाला, आणि तेव्हापासून वॉटर-कूल्ड न म्हणता लिक्विड-कूल्ड म्हणायला लागले. पुढे मर्लिनमध्ये परत बरंचसं पाणी मिसळलं, नाव मात्र बदललं ते बदललंच. लिबर्टीचं तर असं की १९४१-४२ला उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांच्या क्रुसेडर रणगाड्यांत तेच इंजिन होतं, हॉटेलच्या खोलीतल्या आराखड्याला तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षं झाली होती.

आणि भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ला कराचीच्या ड्रिग रोडवर उभी राहिली तेव्हा तिच्याकडे चार वापिटी विमानं होती. पैसे वाचवायचे म्हणून वापिटी डीएच-९एचे पंख आणि शेपूट घेऊन बांधलेलं, नाकात मात्र हवेवर थंड होणारं ज्युपिटर इंजिन, रेडिएटर नाही, पाणी नाही, नऊ सिलिंडर उघड्यावर.